कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: न्यूमेरिकल ॲनालिसिसचं अख्खं सेमिस्टर काढल्यावरचा रिव्ह्यू

घेण्याआधी मी या कॅल्क्युलेटरचे मिळतील तेवढे रिव्ह्यू वाचले होते. बहुतेकांनी बॉक्स नीट आला, ओरिजिनल आहे, दोन दिवसात मिळाला एवढंच लिहिलेलं, आणि ते ठीकच आहे, पण मला जे हवं होतं ते कुणीच लिहिलं नव्हतं, की न्यूमेरिकल ॲनालिसिससारखा विषय, ज्यात उत्तर एका फटक्यात येतच नाही, जवळ जवळ सरकत येतं, तो शिकायला हे मशीन किती कामाचं आहे. म्हणून मी लिहितेय. बीएस्सी मॅथ्स, दुसऱ्या वर्षाला हा पेपर होता, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही, आणि आता धाकट्या मावसबहिणीला हाच विषय लागलाय, तिला फोनवर सगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी माझी चूक सांगते. पहिला कॅल्क्युलेटर मी एका दुकानातून जवळपास निम्म्या किमतीत घेतला होता, दिसायला हुबेहूब हाच, तेच नाव, तोच सरकवायचा कव्हर. महिन्याभरात त्याचं बरोबरचं (=) बटण कधी एकदा दाबलं की दोनदा लागायला लागलं. साध्या बेरजेला याने काही बिघडत नाही, उत्तर तेच राहतं, पण इटरेशनला, म्हणजे मागच्या उत्तरावर तीच कृती परत परत करण्याला बिघडतं, कारण तिथे प्रत्येक दाब म्हणजे एक पायरी असते. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये माझ्या टेबलातली तिसरी ओळ गायबच होती, दुसरीनंतर थेट चौथीची किंमत, आणि मॅडमनी बोट ठेवून विचारलं की ही कुठून आली, तर मला सांगता येईना. तो डुप्लिकेट निघाला. मग पुण्यातल्या आप्पा बळवंत चौकात जाऊन हा घेतला, बाराशेच्या आसपास पडला, बिल घेतलं. सांगायचा मुद्दा हा की या विषयासाठी बटणं पक्की असणं ही चैन नाही, गरज आहे, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

आता मेन गोष्ट. या कॅल्क्युलेटरची जाहिरात ४१७ फंक्शन्स अशी करतात, पण न्यूमेरिकल शिकताना माझ्या मते त्यातली दोनच बटणं खरी शिक्षक आहेत, आन्स आणि बरोबर. आन्स म्हणजे मागचं उत्तर. एकदा आन्स वापरून फॉर्म्युला टाईप केला की नंतर नुसतं बरोबर, बरोबर, बरोबर दाबत राहायचं, प्रत्येक दाबाला नवीन उत्तर जुन्याच्या जागी जातं आणि फॉर्म्युला परत चालतो. इटरेशन म्हणजे हेच की. पुस्तकात एक्स एन प्लस वन असं लिहिलेलं असतं आणि आपण त्या खालच्या छोट्या अक्षरांना घाबरतो, ते सगळं इथे अंगठ्याखाली येतं.

करून बघा. २ चं वर्गमूळ काढायचंय, पण वर्गमूळाचं बटण वापरायचं नाही. १.५ टाईप करून बरोबर दाबा. मग लिहा (आन्स + २÷आन्स)÷२ आणि दाबत जा. ही समीकरणाचं मूळ काढायची न्यूटन-रॅफसनची रीतच आहे, एक्स स्क्वेअर वजा २ ला लावलेली. पहिल्या दाबाला १.४१६६६, दुसऱ्याला १.४१४२१५६८६, तिसऱ्याला १.४१४२१३५६२ आणि मग तो हलत नाही. बरोबर आलेले आकडे मोजले तर सुरुवातीला १, मग ३, मग ६, मग १२, दर पायरीला दुप्पट नाहीतर त्याहून जास्त. क्वाड्रॅटिक कन्व्हर्जन्स हा शब्द मी वर्गात वहीत लिहून घेतला होता, व्याख्या पाठही होती, पण तो काय आहे हे मला बसमध्ये कॅल्क्युलेटर मांडीवर घेऊन कळलं, मी अक्षरशः उतरायचा स्टॉप विसरले.

याच्यात अजून एक मजा आहे आणि ती या ईएस प्लसवर छान दिसते कारण हा अपूर्णांक पुस्तकासारखे दाखवतो. १.५ च्या जागी ३/२ असं अपूर्णांकात टाका आणि सेटअप मॅथ मोडला ठेवा. पहिला दाब, १७/१२. दुसरा दाब, ५७७/४०८. हा दुसरा आकडा मी स्क्रीनवर बघितला आणि थांबले, कारण तो मी आधी दुसऱ्याच ठिकाणी वाचला होता. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाचा कर्ण काढायची रीत आहे, यज्ञाच्या वेदी बांधायला लागायची, की बाजूत तिचा तिसरा हिस्सा मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा हिस्सा मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा हिस्सा कमी करा. १ + १/३ + १/१२ − १/४०८, बेरीज करा, ५७७/४०८ येते. आणि शेवटची वजाबाकी सोडली तर १७/१२. म्हणजे न्यूटनच्या पायऱ्यांवर जे दोन आकडे लागोपाठ येतात तेच दोन त्या सूत्रात बसलेत, न्यूटनच्या दोन हजार वर्षांच्या वर आधी. तिसऱ्या दाबाला मात्र अपूर्णांक दिसत नाही, दशांश येतो, कारण खरा अपूर्णांक ६६५८५७/४७०८३२ आहे आणि तो स्क्रीनवर अपूर्णांक म्हणून मावायच्या मर्यादेबाहेर जातो. मी तो कागदावर गुणाकार करून काढला आणि अजून जर्नलच्या मागच्या पानावर आहे.

कोसाईनचा प्रयोग तर प्रत्येकाने करावा. रॅडियन मोडमध्ये १ टाका, मग कॉस आन्स, आणि बरोबर दाबत राहा. आकडा वरखाली उड्या मारत मारत ०.७३९०८५१३३२ ला येऊन बसतो, पण दहाच्या दहा आकडे स्थिर व्हायला पंचावन्न-साठ वेळा दाबावं लागतं. आता तोच प्रश्न, कॉस एक्स वजा एक्स बरोबर शून्य, न्यूटनने करा, १ पासून सुरू करा, चौथ्या दाबाला तिथेच पोचता. साठ आणि चार. फिक्स्ड पॉइंट इटरेशन (वरचा कॉस आन्स) लिनियर, म्हणजे दर पायरीला चूक ठराविक पटीनेच घटते, आणि न्यूटन क्वाड्रॅटिक, हे वाक्य परीक्षेत चार मार्कांचं आहे, पण ज्याचा अंगठा साठ वेळा दाबून दुखलाय त्याला ते पाठ करायची गरज पडत नाही.

फिक्स्ड पॉइंट म्हटलं की मला देवळालीचे कापरेकर आठवतात. शाळामास्तर, १९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडला. कुठलाही चार आकडी नंबर घ्या, चारही आकडे सारखे नकोत, आकडे मोठ्याकडून छोट्याकडे लावा आणि उलटे लावा, वजाबाकी करा, आलेल्यावर परत तेच. ३५२४ घेतला तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे कितीही करा ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यात. ही न्यूमेरिकल ॲनालिसिसच्या सिलॅबसमधली गोष्ट नाही, पण जिथे गेल्यावर पुढे हलत नाही ती जागा म्हणजे काय हे मला आमच्या शाळेतल्या सरांनी कापरेकरांवरून सातवीतच दाखवलं होतं, नाव तेवढं कॉलेजात कळलं.

न्यूटन नेहमी पळतो असं नाही हेही याच्यावर दिसतं. एक्स क्यूब वजा २ एक्स अधिक २, सुरुवात ० पासून. फॉर्म्युला टाका, आन्स − (आन्स क्यूब − २आन्स + २)÷(३ आन्स स्क्वेअर − २). दाबा, १. दाबा, ०. दाबा, १. दाबा, ०. दिवसभर दाबलंत तरी हेच. खरं मूळ पार तिकडे −१.७६९ ला आहे आणि हा दोन घरात झोका खेळतोय. पुस्तकात असतंच की सुरुवातीची किंमत मुळाच्या पुरेशी जवळ हवी, ते वाक्य मी नेहमी वाचून सोडून द्यायचे, या एका उदाहरणानंतर कधी सोडलं नाही. −२ पासून सुरू केलं की लगेच येतं.

आता सॉल्व्ह बटणाबद्दल, कारण सगळे त्याच्यासाठीच हा घेतात. शिफ्ट आणि कॅल्क दाबलं की सॉल्व्ह, समीकरण टाका, सुरुवातीची किंमत द्या, मूळ हातात, आणि खाली एल−आर असं लिहून डाव्या-उजव्या बाजूत किती फरक राहिला ते पण दाखवतो. आत तो न्यूटनच वापरतो, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय. माझं स्पष्ट मत, पहिले दोन महिने या बटणाला हात लावू नका. वाईट आहे म्हणून नाही, फार चांगलं आहे म्हणून. आमच्या वर्गात काही जण आधी सॉल्व्हने उत्तर काढायचे आणि मग टेबल मागून पुढे जुळवून लिहायचे, मला ते बघून खरंच वाईट वाटायचं, कारण या विषयात उत्तर हा शेवटचा कागद आहे, विषय सगळा वाटेत आहे. स्वतः टेबल पूर्ण झालं की मग सॉल्व्ह लावून पडताळा घ्या, आणि एल−आर शून्य आलं म्हणजे काय, नाही आलं म्हणजे काय याचा विचार करा. तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

कॅल्क मात्र पहिल्या दिवसापासून वापरा. फंक्शन एकदा एक्स घालून टाईप करायचं, कॅल्क दाबलं की तो एक्स किती विचारतो, किंमत द्यायची, उत्तर, परत कॅल्क, दुसरी किंमत. बायसेक्शन आणि रेग्युला फॉल्सी, म्हणजे मूळ दोन टोकांच्या मध्ये पकडून टोकं जवळ आणत जायच्या रीती, त्यांना याच्याशिवाय पर्याय नाही. न्यूटनने स्वतः सोडवलेलं उदाहरण आहे, एक्स क्यूब वजा २ एक्स वजा ५, ते आमच्याकडे अजून दरवर्षी पेपरात येतं. २ आणि ३ च्या मध्ये बायसेक्शन लावलं तर दहा वेळा अर्धं करून लांबी १/१०२४ होते, म्हणजे तीन दशांश स्थळं, आणि सहा स्थळं हवी असतील तर वीस वेळा. न्यूटनने २ पासून २.१, मग २.०९४५६८, मग २.०९४५५१४८, संपलं. पण बायसेक्शन कधी झोका खेळत बसत नाही हे पण खरंय, टोकांची चिन्हं वेगळी आणि फंक्शन कंटिन्यूअस असलं की ते पोचणारच, आणि हळू पण भरवशाचं विरुद्ध वेगवान पण लहरी, या दोघांची तुलना करायला मला तरी एकाच बैठकीत दोन्ही करून बघणं लागलं.

रेग्युला फॉल्सीवरून माझा इंटर्नलचा पेपर. कॉस एक्स बरोबर एक्स गुणिले ई रेज टू एक्स, ० आणि १ मधलं मूळ. मी सगळं केलं, टोकांची चिन्हं विरुद्ध आली, इटरेशन्स छान जुळत जुळत ०.५६७१ ला थांबली, उत्तराभोवती गोल काढून मी खूश. बरोबर उत्तर ०.५१७८. कॅल्क्युलेटर डिग्रीमध्ये होता. डिग्रीत एवढ्या छोट्या कोनाचा कोसाईन जवळपास १ च असतो, म्हणून मी नकळत एक्स गुणिले ई रेज टू एक्स बरोबर १ हेच समीकरण सोडवलं, आणि त्याचं मूळ खरंच ०.५६७१ आहे. म्हणजे मेथड बरोबर, कन्व्हर्जन्स बरोबर, प्रश्न दुसराच. पाचपैकी दोन मार्क मिळाले. मला मार्कांपेक्षा हे लागलं की कुठेही काही खटकलं नाही, आकडे इतके शहाण्यासारखे वागत होते. स्क्रीनच्या वर छोटासा डी असतो, रॅडियन असेल तर आर. तो बघायची सवय मला त्या दिवशी लागली.

इंटिग्रेशनकडे येते. मोड ७, टेबल. एफ एक्स मागतो, १÷(१+एक्स स्क्वेअर) द्या, सुरुवात ०, शेवट १, स्टेप ०.२५, आणि पाचही किमती ओळीने समोर. परीक्षेत सिम्पसनच्या (अशा किमतींवरून इंटिग्रल अंदाजे काढायचा एक रूल) प्रश्नात निम्मा वेळ हे टेबल करण्यात जातो, इथे अर्ध्या मिनिटात होतं आणि चूक होत नाही. खरं उत्तर पाय भागिले चार आहे, म्हणून ट्रॅपेझॉइडलने (दुसरा, साधा रूल) आलेलं उत्तर चारने गुणा, ३.१३११७६. तेच पाच आकडे सिम्पसनला द्या, १, ४, २, ४, १ ने गुणून, चारने गुणल्यावर ३.१४१५६९. पाय ३.१४१५९३. आकडे तेच, मेहनत तीच, फक्त कुणाला किती वजन द्यायचं ते बदललं आणि चूक शंभरातल्या एकावरून लाखातल्या दोन-तीनवर आली. हे जेव्हा पहिल्यांदा झालं तेव्हा मी मोजणी चुकली समजून परत केली.

इंटिग्रलचं वेगळं बटण आहे, ते उत्तर थेट देतं, आत गाऊस-क्रोनरॉड वापरतं जे आपल्या सिलॅबसच्या बरंच पुढचं आहे. इथे एक गोष्ट सांगते जी फार जणांना माहीत नसते. माझ्या दादाचा जुना एफएक्स-९९१एमएस घरी पडलेला, दोन ओळींचा, त्यातलं इंटिग्रेशन सिम्पसनच्या रूलने चालतं, आणि शेवटी एन द्यायचा, १ ते ९, म्हणजे २ चा तेवढा घात इतके भाग. तिथे वरचंच फंक्शन टाकून एन २ दिला, म्हणजे ४ भाग, तर आलं ०.७८५३९२१५७, माझ्या हाताने काढलेल्या सिम्पसनशी शेवटच्या आकड्यापर्यंत सेम. मग एन वाढवत वाढवत गेलं की पाय-भागिले-चारकडे सरकताना दिसतं. घरात कुणाचा जुना एमएस असेल तर टाकू नका, या एका प्रयोगासाठी तरी ठेवा.

डिफरन्शियल इक्वेशन्सला मेमरी कामाला येतात. ए, बी, सी, डी मध्ये के वन ते के फोर ठेवायचे. वाय डॅश बरोबर एक्स अधिक वाय, वाय ऑफ शून्य १, स्टेप ०.१, रुंगे-कुट्टा चौथ्या ऑर्डरचा, म्हणजे पुढचा वाय काढायला के वन ते के फोर असे चार अंदाज घेऊन त्यांची सरासरी लावायची. ०.१(एक्स+वाय) एकदा लिहायचं, कॅल्कने एक्स आणि वाय बदलत जायचं, प्रत्येक उत्तर स्टोअर करायचं, ०.१, ०.११, ०.११०५, ०.१२१०५. शेवटी (ए+२बी+२सी+डी)÷६. वाय १.११०३४१६७ आणि खरं उत्तर १.११०३४१८४. ऑयलरची रीत, जी नुसता पहिला अंदाज घेते, एका पायरीत १.१ वरच बसते. गाऊस-सायडेलला, म्हणजे एकत्र दिलेली समीकरणं इटरेशनने सोडवायला, पण हेच, १०ए + बी + सी = १२ असेल तर (१२−बी−सी)÷१० काढून ए मध्ये, मग पुढचं बी मध्ये, नवीन किंमत मिळाली की लगेच जुनीवर बसते, आणि हीच तर सायडेलची आयडिया आहे, याकोबीत जुन्याच किमती राऊंड संपेपर्यंत जपून ठेवाव्या लागतात. मी व्हायवाला या दोघांतला फरक विचारल्यावर मेमरीच्याच भाषेत सांगितला, चालला.

आणि मेमरी वापरायचं अजून एक मोठं कारण. आपल्याला सवय असते, उत्तर चार दशांशात कागदावर लिहायचं आणि पुढच्या पायरीला कागदावरचं परत टाईप करायचं. नका करू. स्क्रीनवर दहा आकडे दिसतात पण आत तो पंधरा धरून असतो, वर्गमूळ २ काढून त्यातून १.४१४२१३५६ वजा करा, लपलेले २.३७३… गुणिले दहाचा वजा नववा घात असे बाहेर येतात. ते तुम्ही दरवेळी कापून टाकता. कॅनडात व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने १९८२ मध्ये नवा इंडेक्स १००० वर सुरू केला आणि प्रत्येक सौद्यानंतर परत मोजताना तिसऱ्या दशांशानंतरचं नुसतं कापत गेले, राऊंड न करता. बावीस महिन्यात इंडेक्स ५२० च्या आसपास आला होता, नीट मोजल्यावर १०९८ च्या वर निघाला. रोज हजारो वेळा एवढंसं कापलं, त्याचं एवढं झालं. आपल्या पेपरात सहाच इटरेशन्स असतात पण चौथ्या आकड्याला मार्क असतात ना.

एररचं युनिट सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, मला ते सगळ्यात आवडतं, आणि त्यासाठी हे मशीन छान आहे कारण त्याची मर्यादा हाताशी आहे. ई रेज टू एच वजा १, भागिले एच. एच शून्याकडे गेला की हे १ व्हायला हवं, बारावीतच शिकलोय. एच ०.१ ठेवा, १.०५१७. एच ०.००१, १.०००५. छान चाललंय. एच दहाचा वजा सोळावा घात ठेवा. उत्तर शून्य. कारण १ मध्ये एवढंसं मिळवलेलं त्या पंधरा आकड्यात बसतच नाही, मशीनसाठी ते १ च राहिलं, १ वजा १ शून्य. स्टेप छोटी केली की चूक छोटी होते असं आपण धरून चालतो, आणि एका हद्दीनंतर ते उलटं फिरतं, ट्रंकेशन (फॉर्म्युलाच अंदाजे असल्याची चूक) कमी होत असतो आणि राऊंडऑफ (आकडे कापले गेल्याची चूक) वाढत असतो. वर्गात याचा ग्राफ काढतात, बोटाने करून बघितल्यावर तो ग्राफ आपला होतो.

दुसरा प्रयोग मोड ५ मध्ये, दोन समीकरणं. एक्स + वाय = २ आणि एक्स + १.०००१ वाय = २.०००१. उत्तर १, १. आता फक्त शेवटचा २.०००१ बदलून २.०००२ करा. उत्तर ०, २. चौथ्या दशांशात एक बदलला आणि उत्तर कुठल्या कुठे. यात कॅल्क्युलेटरची काही चूक नाही, प्रश्नच तसा आहे, दोन रेषा जवळजवळ एकावर एक पडल्यात. यालाच इल-कंडिशन्ड म्हणतात.

जे याच्यावर दिसत नाही ते पण सांगायला पाहिजे. हा आतून दशांशातच चालतो, त्यामुळे ०.१ + ०.२ याच्यावर स्वच्छ ०.३ येतं. कॉम्प्युटर लॅबमध्ये पायथॉनला तेच विचारलं तर ०.३००००००००००००००…४ येतं, कारण ०.१ बायनरीत संपतच नाही, आपल्याकडे १/३ संपत नाही तसं. हे कळल्याशिवाय हा विषय अर्धा राहतो. आमच्या मॅडमनी पहिल्याच प्रॅक्टिकलला पॅट्रियटचं, म्हणजे येणारी क्षेपणास्त्रं हवेत अडवणाऱ्या अमेरिकन सिस्टीमचं सांगितलं होतं, २५ फेब्रुवारी १९९१, सौदीतलं धाहरान. सिस्टीम सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायची, तो ०.१ चोवीस बिटात कापलेला, १०० तास सलग चालू राहिल्यावर घड्याळात साधारण ०.३४ सेकंदाचा फरक, आणि तेवढ्यात येणारं क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरच्या वर सरकलेलं असतं. अडवलं गेलं नाही, २८ सैनिक गेले. लॅबमध्ये कुणी काही बोललं नाही नंतर बराच वेळ. तर कॅल्क्युलेटरवर हात बसवा, पण पायथॉन किंवा ऑक्टेव्ह (गणितं करायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतात, सेमिस्टरच्या दुसऱ्या निम्म्यात तिकडे जाच, शंभर पायऱ्यांचं टेबल अंगठ्याने कुणी करू नये.

बाकीच्या मर्यादा पटकन सांगते. मॅट्रिक्स ३ बाय ३ पर्यंतच, समीकरणं तीन अज्ञातांपर्यंत. वरचा बाण दाबून मागची गणितं परत येतात ते फार सोयीचं आहे पण मोड बदलला किंवा बंद केला की हिस्टरी जाते, त्यामुळे मधेच मोड बदलू नका. सोलर आणि बटण सेल दोन्हीवर चालतो, एलआर४४, माझा अजून पहिलाच आहे. कर्व्ह फिटिंगला, म्हणजे दिलेल्या पॉइंटना जवळची रेषा बसवायला, मोड ३ मध्ये पॉइंट टाकले की सिग्मा एक्स स्क्वेअर, सिग्मा एक्सवाय सगळं तयार मिळतं, नॉर्मल इक्वेशन्स (त्या रेषेचे सहगुणक देणारी समीकरणं) स्वतः मांडा आणि बेरजा तेवढ्या याच्याकडून तपासा.

परीक्षेचं म्हणाल तर हा नॉन-प्रोग्रॅमेबल आहे, आमच्याकडे चालतो, तुमच्या कॉलेजचा नियम एकदा विचारून घ्या. गेट या प्रवेश परीक्षेसाठी म्हणून घेत असाल तर तिथे कुठलाच कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही, स्क्रीनवरचाच वापरावा लागतो. याच्या नंतर आलेला एफएक्स-९९१ईएक्स घ्यावा का असं मावसबहीण विचारत होती. त्यात ४ बाय ४ मॅट्रिक्स आहे, चार अज्ञात आहेत, आणि पाच कॉलम पंचेचाळीस ओळींची छोटी स्प्रेडशीट आहे ज्यात इटरेशनचं टेबल आख्खं दिसतं, ते मला मैत्रिणीकडे बघून आवडलं. पैसे असतील तर घे म्हटलं. पण नुसतं न्यूमेरिकलच्या पहिल्या पेपरासाठी ईएस प्लस पुरतो, आणि दर पायरीला स्वतः हाताने टेबल लिहायला लागतं हे मला तरी फायद्याचंच झालं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ३ बाय ३ चा कापला.

तिने शेवटी ईएस प्लसच घेतला, काल आला. बॉक्स उघडल्या उघडल्या तिला करायला लावलं ते इथे पण लिहिते: शिफ्ट, मोड, ४. वर आर दिसला पाहिजे. मग १, बरोबर, कॉस आन्स, आणि दाबत राहायचं. तिचा रात्री मेसेज आला, त्रेपन्नाव्याला शेवटचा आकडा अजून हलतोय म्हणून.